दोघांनी मिळून भ्यायचा खेळ

भुताच्या गेममध्ये माणूस एकटा हवा. दोघांना आत सोडलं की आधी भूत मरतं आणि मग गेम मरतो, असं हितेंद्र सरांचं ठाम मत होतं. ते मत पक्कं करायला धुळ्याच्या पोरांनी भरपूर हातभार लावला होता.

झालं होतं असं. भूमिका आणि फैज या दोघांनी जळगावच्या पिंप्राळ्यात एका भाड्याच्या हॉलमध्ये बसून, दोन वर्षं डोळे फोडून एक गेम बनवला होता. डोक्याला हेडसेट लावला की समोर केळीची बाग, आणि बागेत मिट्ट रात्र. खेळाडू दोन. दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात विळा. बागेत एक बाई फिरत असते. ती दोघांपैकी एकाला उचलते आणि विहिरीत नेऊन ठेवते. मागे राहिलेल्याने त्याला नाव घेऊन हाक मारायची, विहिरीतल्याने तोवर गप्प राहून नावालाच ओ द्यायची आणि त्या ओच्या दिशेने जाऊन त्याला बाहेर काढायचं. हाका तीनच. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर दोघांचाही खेळ खलास. नुसतं कागदावर लिहितानाच भूमिकाच्या अंगावर काटा आला होता.

धुळ्यात मात्र तो काटा कुणाच्याच अंगावर आला नाही. तिथल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी गेम मांडला आणि पोरांची रांग लागली. पहिल्या जोडीने त्या बाईसमोर वरातीतला नाच केला. दुसऱ्या जोडीतला एक जण बांधावर बसला आणि बाईला म्हणाला, "या काकू, शेव-मुरमुरे खा." तिसऱ्या जोडीने तर एकमेकांना मुद्दाम विहिरीत ढकललं आणि आपसातली जुनी भांडणं मिटवून घेतली. हॉल हसून हसून लोळत होता. फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक भूमिका, आणि दुसरे हितेंद्र सर. ते पुण्यात गेमची कंपनी चालवायचे. मूळचे धुळ्याचेच होते आणि या दोघांचा गेम बाजारात आणायचा की नाही हे ठरवायला मुद्दाम आले होते.

"बाग सुंदर आहे, आवाज सुंदर आहेत," सर म्हणाले. "पण दुसरा खेळाडू काढून टाका. एकट्याचा करा, मी लगेच घेतो."

"एकट्याला फक्त स्वतःची भीती वाटते, सर," भूमिका म्हणाली. "सोबत कुणी असलं की त्याचीही वाटते. ती जास्त मोठी असते."

"वाटायला हवी हे मलाही मान्य आहे. पण वाटली का इथे कुणाला?"

पण भूमिका चिवट होती. तिने सरांचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी त्यांनी एक संधी दिली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते एका साखरपुड्याला जळगावला येणार होते. त्या दुपारी तासभर पिंप्राळ्याला येतील. शेवटपर्यंत खरोखर घाबरलेली एक, फक्त एक जोडी त्यांना दाखवायची. जमलं तर दोघांचा गेम. नाही जमलं, तर सोमवारपासून दुसरा खेळाडू बाद.

फैजला खरं म्हणजे दोन्ही चाललं असतं. तो जळगावच्याच मेहरूणचा पोरगा, शांत डोक्याचा. "काढू एकाला, जग काय बुडतं?" असं तो एकदा म्हणालाही होता. त्यावर भूमिका दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिच्यासाठी ते एका खेळाडूचं प्रकरणच नव्हतं. माणूस माणसासाठी भितो, एवढ्या एका गोष्टीवर तिने हा सगळा डोलारा उभारला होता. तीच खोटी निघाली तर उरलेल्या गेमचं काय लोणचं घालायचं होतं?

रविवारी दुपारी हॉल तयार होता. घराचे मालक गिरधर नाना, मूळचे रावेरकडचे. जन्मभर केळी पिकवून आता बाग मुलाकडे सोपवलेली आणि नवराबायको पिंप्राळ्यात खालच्या मजल्यावर राहायला आलेले. शेतातल्या वाफ्यांवर अंथरायचा काळा मल्चिंग पेपर त्यांनीच आणून दिला होता. तो चारही खिडक्यांना लावला आणि भर दुपारी हॉलमध्ये अंधार केला. फक्त ज्यांच्यासाठी हा अंधार केला होता, ती कॉलेजची दोन पोरं काही येईनात. अडीच वाजता भूमिकाने फोन लावला.

"ताई, शेतात भरीत पार्टी आहे," पलीकडून आवाज आला. मागे लाकडी बडगीत मिरच्या-वांगी ठेचल्याचा ठणठणाट चालला होता. "वांगी आत्ताच भाजून झालीत. आता कसं निघणार, तुम्हीच सांगा!"

खानदेशात डिसेंबरात भरितावरून माणूस उठवणं म्हणजे पंगतीतून नवरदेव उठवण्यासारखं. भूमिकाने फोन ठेवला आणि त्याच क्षणी जिन्यावर बूट वाजले. हितेंद्र सर आले होते.

त्यांच्या मागोमाग नाना आणि त्यांच्या पत्नी बेबाबाईही वर आले. बेबाबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. पुण्याचा पाहुणा येणार म्हटल्यावर अक्कांनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं ताट आणलं होतं. दोघांनी पाहुण्याची चौकशी केली, ताट पुढे सरकवलं, आणि मग नानांनी भूमिकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं पोरी? चेहरा काहून पडला?"

भूमिकाने सांगितलं. जोडी नाही, सरांना चार वाजता निघायचंय, आता काही होत नाही.

"एवढंच ना?" नाना म्हणाले. "आमी हावो ना. आमची काय जोडी नही का?"

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. भूमिकाने सरांकडे पाहिलं. सरांनी कळण्याच्या पुरीचा तुकडा मोडला आणि खांदे उडवले. बुडत्याला काडीचा आधार, असं म्हणत फैजने हेडसेट उचलले. त्याने रीतीप्रमाणे दोघांना आपापलं नाव मोठ्याने सांगायला लावलं, म्हणजे कॉम्प्युटरला ते ओळखता येतं. मग दोघांना हॉलच्या दोन टोकांना उभं केलं, कानावर हेडफोन बसवले, नियम दोनदा समजावले आणि बाग सुरू केली. आत काय चाललंय ते बाहेरच्यांना भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं.

पहिली पाच मिनिटं भूमिकाला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"पोरी, दोन झाडातलं हे अंतर कोनं धरलं?" नाना अंधारात विळा हलवत म्हणाले. "इथून तं ढोरबी जात नही. बुडाची पिलं काढेल नही, वाळलेलं पान कापेल नही. अन् ठिबकची नळी कुठी हाये?"

"आता शेती पाहू नका, मुकाट्यानं चाला," अक्का बॅटरी धरून त्यांच्या मागे होत्या.

मग ती बाई आली. झाडांच्या रांगेतून, केस मोकळे सोडून, जमिनीला पाय न लावता. या एका चालीसाठी फैजने चार महिने घालवले होते.

"अवं माय," अक्का म्हणाल्या. "केसं तं बांध. अन् एवढ्या थंडीत चपला घालून येऊ नही का?"

"मले काय भेव दाखवते हे," नाना म्हणाले. "चाळीस वरीस रातच्या लाइटीवर केळीले पानी भरलं मी. भूत भेटलं असतं तं त्यालेबी पानी भरायले उभं केलं असतं."

सर हसले. चांगले मोकळे हसले, आणि हसता हसता त्यांनी घड्याळ पाहिलं. भूमिकाने फैजकडे पाहिलं. फैज जमिनीकडे पाहत होता. झालं, संपलं, असं तिने मनात म्हणूनही टाकलं. सोमवारी सकाळी कोणती फाइल उघडायची इथपर्यंत तिचं मन गेलं होतं.

"अन् हे पाहा," नानांचं अजून चालूच होतं, "ह्या पानाले सरळ सरळ करपा पडेल हाये, अन् कोनी फवा—"

तेवढ्यात त्यांचा आवाज तुटला. पडद्यावर अक्कांच्या बॅटरीच्या उजेडात, जिथे नाना होते तिथे आता नुसतं एक केळीचं पान हलत होतं.

"काय म्हनले?" अक्कांनी विचारलं.

काही नाही. फक्त पानांची सळसळ.

"अहो?"

अक्कांनी बॅटरी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. "अहो, आयकलं का? कुठी गेले?" त्या दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, मागे वळल्या. मागेही केळीच केळी. "मोहिनीचे बाबा! ओ मोहिनीचे बाबा!"

हेडफोनमधून फैजच्याच आवाजातली सूचना आली, "नाव घेऊन हाक मारा."

"मारली ना बापा! मोहिनीचे बाबा म्हनलं ना!"

"नाव घेऊन हाक मारा."

भूमिकाच्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख उजेड पडला. तिने कपाळावर हात मारला. दोन वर्षं, शेकडो तास, किती वेळा तपासलेला गेम, आणि ही साधी गोष्ट दोघांच्या डोक्यात आली नव्हती. नवऱ्याचं नाव अक्का घेणार नाहीत. त्या काय, त्यांच्या वयाची या गल्लीतली एकही बाई घेणार नाही.

"माझी अम्मीसुद्धा नाही घेत," फैज पुटपुटला. "'फैज के अब्बा' म्हणते. भूमिका, आपण घरात राहतो की कुठे राहतो गं?"

भूमिका अक्कांकडे निघाली, पण सरांनी हात आडवा केला. "बाहेरून काही सांगायचं नाही." ते आता खुर्चीवरून उठले होते.

आत बॅटरी मंद होत चालली होती. दर अर्ध्या मिनिटाला ती थोडी विझते, तसा गेमच होता. अक्कांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. मोकळा हात त्यांनी पुढे केला आणि हॉलच्या रिकाम्या हवेत चाचपडला, सोबतच्या माणसाची बाही सापडते का ते पाहायला. मघाशी त्या बाईला चपला घालायला सांगणाऱ्या अक्का त्या नव्हत्याच.

"मी नही घेत हो असं नाव," त्या अंधाराला म्हणाल्या. "कधी घेतलं नही." मग थोडं थांबून, "उखान्यात घेऊ का?"

अंधाराने हरकत घेतली नाही. अक्कांनी श्वास घेतला. उखाणा शुद्ध भाषेतच घ्यायचा असतो, त्यामुळे एवढ्या भीतीतही त्यांनी भाषा बदलली.

"केळीच्या बागेत अंधार दाट, गिरधररावांची पाहते मी वाट!"

पडद्यावर पहिल्या हाकेचा दिवा लागला. फैजने हवेत मूठ उंचावली. असला उखाणा, तोही भूत मागे लागलेलं असताना, जागच्या जागी जुळवलेला! सरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. आता नाना ओ देणार, अक्का त्यांना काढणार आणि सगळं हसण्यावारी जाणार, हे भूमिकाला दिसलं.

पण ओ आलीच नाही.

अक्का कान देऊन उभ्या राहिल्या. विहिरीचा आवाज नाही, नानांचा आवाज नाही. त्यांच्या पाठीमागे कुठेतरी ओल्या मातीत पाऊल वाजलं.

"गिरधरराव!" या वेळी यमक नव्हतं, वाट नव्हती. दुसरा दिवा लागला.

याही वेळी शांतताच.

"माइक बंद पडला का?" भूमिकाने कुजबुजत विचारलं. फैज कॉम्प्युटरवर वाकला. माइक सुरू होता. नानांचा श्वाससुद्धा त्यात उमटत होता. भूमिकाने हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. नाना एक हात भिंतीला टेकवून, ओठ मिटून, अजिबात न हलता उभे होते. नानांचं वय अडुसष्ट. गेमबिम सगळं भूमिका विसरली.

"हाऊ माणूस बोलत काबर नही भो?" सर म्हणाले. पुण्याची पंधरा वर्षं एका क्षणात गळून धुळ्याची बोली वर आली होती आणि त्यांनी फैजचा खांदा गच्च धरला होता.

भूमिका नानांकडे धावली. ती अर्ध्या वाटेवर असेल, तेवढ्यात अक्कांची तिसरी हाक आली.

"गिरधर!"

राव नाही, काही नाही. आई अंगणातून पोराला बोलावते तशी, सगळा जीव घशात आणून मारलेली हाक. ती मारताना अक्कांचा आवाज मध्येच फाटला. हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. हसायचं कुणाला सुचलंच नाही.

"ओ!" नाना म्हणाले. खणखणीत. लगेच. ओ जशी काही ओठांवरच ठेवली होती.

अक्का त्या आवाजाच्या दिशेने अक्षरशः धावल्या. हॉलच्या भिंतीला धडकू नयेत म्हणून फैजला त्यांच्या मागे पळावं लागलं. त्यांनी विहीर शोधली, दोर ओढला, नानांना वर घेतलं, आणि पडद्यावर बागेत उजाडलं. दोघांनी हेडसेट काढले. अक्का तशाच नानांकडे गेल्या, त्यांचा दंड दाबून पाहिला, छातीवर हात ठेवून पाहिला, आणि मग दोन धपाटे घातले.

सर खुर्चीवर बसले. आपले तळवे त्यांनी रुमालाला पुसले.

"मी तर बाहेर होतो," ते सावकाश म्हणाले. "डोक्याला काही लावलेलं नव्हतं. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर उभे होते. तरी माझी ही गत झाली." मग त्यांनी मान हलवली. "पण भूमिका, एक अडचण आहे. पहिल्या दोन हाका यांच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. म्हणजे मशीन अडकलं. मग आपण घाबरलो ते गेमला, की बिघाडाला? बिघाडाच्या भरवशावर मी गेम विकू शकत नाही."

"हाका पोचल्यात, सर," फैज म्हणाला. त्याने नानांच्या माइकचा आवाज पुन्हा लावला. पहिली हाक स्पष्ट ऐकू येत होती. त्यावर नानांचा श्वास थांबल्याचंही ऐकू येत होतं. दुसऱ्या हाकेवर नाना हळूच खाकरले होते.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"नाना," भूमिका म्हणाली, "ऐकू आलं नव्हतं ना?"

नानांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. आपण होय, आलं नव्हतं म्हणालो तर या पोरीचा गेम बुडतो, आणि खरं बोललो तर बायकोसमोर आपली धडगत नाही, हे त्यांना नीट कळत असावं. शेवटी ते पोरीच्या बाजूने उभे राहिले.

"आलं व्हतं," ते म्हणाले. "पयलीच हाक आली व्हती."

"मंग?" अक्का.

"एक्केचाळीस वरीस झाले लगनाले," नाना पंख्याला सांगत होते. "लगनात एकदा घेतलं व्हतं इनं नाव, तेबी खाली मान घालून, मले नीट आयकूबी आलं नही. आज आलं. आता म्या लगेच ओ देली असती, तं दुसऱ्यांदा घेतलं असतं का? अन् तिसऱ्या वखती तं..." त्यांनी पुन्हा टोपी सारखी केली. "तिसऱ्या वखती रावबी नही लावलं."

"माहा इकडे जीव चालला," अक्का कडाडल्या, "अन् तुमी विहिरीत बसून मजा घेऊन राह्यले!" त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं, आणि पदर नेमका कशाला लावावा हे त्यांना समजत नव्हतं.

सर हसायला लागले. धुळ्यात आवरून धरलेलं सगळं हसू त्यांनी इथे काढलं. डोळे पुसत ते भूमिकाला म्हणाले, "दुसरा खेळाडू राहील. एकट्याच्या गेममध्ये हे मी कुठून आणू?"

भूमिकाला इतका आनंद झाला होता की तिने आधी अक्कांना मिठी मारली, मग नानांच्या पाया पडली आणि मग उगाच जाऊन भरिताचा एक मोठा घास खाल्ला.

"पण तो नावाचा नियम बदलावा लागेल," फैज म्हणाला. "'अहो' चालेल असं करू."

"खबरदार हात लावशील तर," सर म्हणाले आणि गाडीची किल्ली घेऊन उठले.

"बसा खाली," अक्का म्हणाल्या. "कोनी जायचं नही." त्यांनी हेडसेट उचलून पुन्हा डोक्याला लावला, हेडफोन नीट बसवले आणि कमरेवर हात ठेवून हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. "आता मले टाका विहिरीत. यांनी तरी माहं नाव कधी घेतलं? अवं, आयकते का, मोहिनीची माय. एक्केचाळीस वरीस हेच. आज मारू द्या हाका. अन् मी तिसऱ्या हाकेलेबी ओ देनार नही."

"अक्का, मग गेम संपेल," फैज म्हणाला.

"संपू दे. पुन्हा लावजो."

सर निमूट बसले. फैजने बाग सुरू केली आणि या खेपेला कुणाला न्यायचं ते बाईला सांगून ठेवलं. तिने अक्कांना उचललं. नाना बॅटरी घेऊन केळीत एकटे उरले. या वेळी त्यांनी पिलं पाहिली नाहीत, करपा पाहिला नाही. ते खाकरले, थांबले, पुन्हा खाकरले. भूमिकाला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

"बेबा," ते म्हणाले, पण इतकं हळू, की कॉम्प्युटरला ते नाव समजलंच नाही आणि पडद्यावरचा दिवा काही लागला नाही.

"ओ," अक्का म्हणाल्या.